बागेतल्या छताचा उतार

आमच्या कॉलनीच्या बागेत ताडाच्या पानांनी शाकारलेलं एक छत आहे. चार लोखंडी खांब, वर पानांचा जाड थर आणि खाली बसायला बाकं. कोणाकडे पाहुणे आले की ते हमखास तिथे बसून फोटो काढतात. आता जे दिसतं ते छत दुसऱ्यांदा घातलेलं आहे. पहिलं पावसाळ्यात कोसळलं. ते का कोसळलं याची जी हकिगत कॉलनीत सांगितली जायची ती खोटी होती, आणि ती पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाली होती.

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. नाशिक रोडची आमची कॉलनी जुनी, चार इमारतींची. मधल्या मोकळ्या जागेला आम्ही बाग म्हणायचो, पण मार्चपासून तिथली सिमेंटची बाकं अशी तापायची की टेकवत नसे. म्हातारी माणसं पार्किंगमध्ये स्कूटरच्या रांगेत खुर्च्या टाकून बसायची. तेव्हा बागेत सावली करायची असं ठरलं. पत्र्याखाली भट्टी होते आणि शेडनेट दोन वर्षांत फाटतं. मी एका लग्नात, लॉनवर, पानांनी शाकारलेल्या छत्र्या पाहिल्या होत्या. त्यांचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. तो मी सभेत सगळ्यांना दाखवला आणि सगळ्यांना तो आवडला.

अध्यक्ष म्हणाले, "समोरच्या इमारतीत आपले इंजिनिअर राहतात. त्यांना जरा विचारून घेऊ."

मी म्हणाले, "चार खांब आणि एक छत. त्याला इंजिनिअर कशाला? तीस वर्षं भूमिती शिकवली आहे मी."

सगळे हसले. मलाही बरं वाटलं. घरी येऊन मी आलेखाचा कागद काढला, कंपासपेटी काढली, आणि फोटोत दिसत होतं तसं ठेंगणं, पसरट छत काढलं. फार सुबक आलं होतं चित्र. पुढच्या सभेत मी तो कागद सगळ्यांना दाखवला. त्यावरून फॅब्रिकेशनवाल्याने सांगाडा करून दिला. लग्नाच्या लॉनवरची ती छत्री चार दिवसांसाठी उन्हाळ्यात उभी केलेली होती आणि तिच्यावर पावसाचा थेंबही पडणार नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

शाकारणारे नवरा-बायको पेठकडचे. आमच्या नर्सरीवाल्याने त्यांचा फोन नंबर दिला होता. गंगापूर धरणाच्या बाजूला हॉटेलांमध्ये त्यांनी बरीच कामं केली होती. नवरा पन्नाशीचा, बारीक, बोलायला कमी. बायको त्याच्यापेक्षा मोकळी. एका सकाळी ते टेम्पो भरून ताडाची पानं घेऊन आले. पंख्यासारखी मोठी, दाबून सपाट केलेली पानं, भारे बांधून ठेवलेली. बायकोने लगेच बागेची नळी घेऊन पानांवर पाणी मारायला सुरुवात केली, म्हणजे वाकवताना ती मोडत नाहीत. नवरा मात्र सांगाड्याभोवती फिरत राहिला. भारा सोडेना.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने हाताचा पंजा हवेत तिरका धरून दाखवला. "बाई, एवढा तरी उतार पाहिजे. ह्याला उतारच नाय."

"थोडा आहे की."

"थोड्यानं भागत नाय. पानावरनं पाणी पळालं पाहिजे. ह्याच्यावर ते बसंल."

मी म्हणाले, "हे काही घर नाही. पावसात कोण बसतंय इथे? थोडं गळलं तर गळू दे."

"गळायचं नाय म्हणत मी. पानं भिजून जड होतील, आन् कुजतील. वझं येईल मधी. सांगाडा मधनं उचलून घ्या, मग शाकारतो. आम्ही चार दिवसांनी परत येऊ."

बागेत तेव्हा पाच-सहा जण बघायला उभे होते. सांगाडा पुन्हा तोडून जोडायचा म्हणजे माझं चित्र चुकलं हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. मी घरात गेले, आलेखाचा कागद आणला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांत घेऊन नीट पाहिला.

"कागदावर चांगलं हाय," तो म्हणाला.

मला राग आला. मी म्हणाले, "हे बघा, आम्हाला असंच हवं आहे. पुढे काही झालं तर मी बघेन. तुमच्यावर काही येणार नाही."

बायकोने नळी खाली ठेवली. "नक्की ना, बाई?"

"हो गं, नक्की."

तिला मी पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करत होते. ती माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल.

मग त्यांनी भारे सोडले. तीन दिवस काम चाललं आणि मी ते गॅलरीतून, कधी खाली खुर्ची टाकून, पाहत होते. बांबूच्या कामट्या आडव्या बांधून घेतल्यावर सगळ्यात खालच्या कडेपासून सुरुवात. पान कामटीवरून दुमडायचं, काथ्याने गाठ मारायची, त्याला खेटून दुसरं पान. एक ओळ झाली की तिच्यावर दुसरी, अशी की खालची निम्म्याहून जास्त झाकली जाईल. बायको खालून पानं निवडून देत होती. फाटकं किंवा कीड लागलेलं पान ती बाजूला टाकायची. तो वर उकिडवा बसून एकामागून एक गाठी मारत होता. दुसऱ्या दिवशी त्याने मध्यभागी टेकू म्हणून दोन आडवे बांबू घालू का असं विचारलं. खालून बघताना ते वाईट दिसतील म्हणून मी नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी बँकेत गेले होते तेव्हा त्याने एक बांबू घातलाच, पानांच्या आत, दिसणार नाही असा. मला ते नंतर कळलं.

काम देखणं झालं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडले, अंगठे आले, "बाईंची कल्पना" असं चार जणांनी लिहिलं. उन्हाळाभर तिथे वर्दळ होती. दुपारी बायका भाजी निवडायला येऊन बसायच्या. संध्याकाळी म्हातारे. त्यांच्यातले एक निवृत्त पोस्टमन, तळमजल्यावर एकटे राहणारे, सकाळी सातलाच पेपर घेऊन ठरलेल्या बाकावर येऊन बसायचे. मला गॅलरीत पाहिलं की हात वर करायचे.

जुलैत संततधार लागली. आठवड्याभरात छत मध्यभागी किंचित खाली आलेलं मला गॅलरीतून दिसलं. त्या खळग्यात पानं काळी पडली होती. खाली उभं राहिलं की ओल्या गवताच्या कुजल्या ढिगाला येतो तसा वास यायचा. मला कळलं होतं. हे मी आज स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी स्वतःशीसुद्धा असं बोलत राहिले की कळलं नव्हतं. मी झाडूवाल्याला सांगून काठीने छत खालून वर ढकलायला लावलं, म्हणजे साठलेलं पाणी वाहून जाईल. कमिटीत कोणाला सांगितलं नाही. बाकांवर बसू नका अशी पाटीही लावली नाही. पाटी लावली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं.

ऑगस्टमध्ये एका उघडिपीच्या सकाळी छताचा एका बाजूचा भाग खाली आला. मी ओट्याशी होते. धप्प असा आवाज झाला आणि मग कोणीतरी ओरडलं. मी खाली धावले तेव्हा दोघा जणांनी पोस्टमनकाकांना ओल्या पानांतून बाहेर काढलं होतं. त्यांचा चष्मा गेला होता आणि उजवा हात विचित्र लोंबत होता. मनगटापाशी हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर पडलं असतं तर कठीण होतं. छताचा मोठा भाग वरच अडकून राहिला होता, त्या आत घातलेल्या बांबूवर.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, झालं कसं हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "पानं जुनी दिली त्यांनी. बांधणीपण कच्चीच होती. मला तेव्हाच शंका आली होती."

मी हे ठरवून गेले नव्हते. विचारल्यावर ते आपोआप आलं, इतकं सहज की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. कोणीतरी म्हणालं, "ही माणसं अशीच. एकदा काम झालं की हात वर." त्यावरही मी काही बोलले नाही. घरी गेल्यावर मी तो आलेखाचा कागद फाडला. एवढंच त्या दिवशी मी विचार करून केलं.

अध्यक्षांनी फोन केला आणि तिसऱ्या दिवशी ते दोघं आले. बागेत आठ-दहा माणसं जमली होती. नवऱ्याने पडलेला भाग उलटा करून पाहिला, एक पान चुरगळून नाकाशी नेलं. मग एक गाठ अध्यक्षांपुढे धरली.

"गाठ सुटली नाय, साहेब. एकपण सुटली नाय. बघा."

"मग पडलं कसं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी सांगेन अशी त्याची खात्री होती आणि तो थांबला होता, एवढंच. मी मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी बघू लागले.

बायको पुढे आली. "बाईंना आम्ही तवाच..."

"राहू दे," तो तिला म्हणाला. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाला, "पाऊस लय झाला, साहेब."

त्यानंतर त्याने लागलेल्या माणसाचं घर विचारलं. अध्यक्षांनी दार दाखवलं. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बायकोने तोवर एकटीने कुजलेली पानं ओढून गोळा केली. मी वर निघून आले.

दिवाळीनंतर छत पुन्हा घालायचं ठरलं. मी कमिटीत म्हणाले, "सुरक्षेसाठी मधला भाग जरा उंच करून घेऊ." कोणी काही विचारलं नाही. फॅब्रिकेशनवाल्याला मी स्वतः बोलावलं आणि त्या माणसाने हाताने दाखवला होता तेवढा उतार करून घेतला. शाकारायला तीच दोघं आली. चूक त्यांची, म्हणून मजुरी त्यांनी घ्यायची नाही असं अध्यक्षांनी त्यांना आधीच बजावलं होतं, आणि ते कबूल झाले होते. ते येणार त्या आठवड्यात मी देवळ्याला बहिणीकडे जाऊन राहिले. बहिणीला कारण सांगितलं कांद्याच्या लागवडीची गडबड बघायची आहे म्हणून. ती हसली. तिच्या शेतात मी आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा छत तयार होतं. उंच, दाट, पहिल्यापेक्षा सुंदर.

जानेवारीत शेजारच्या कॉलनीतले दोघे ते बघायला आले. त्यांना त्यांच्या अंगणात असंच करून घ्यायचं होतं आणि एका बालवाडीतही. त्यांनी कारागिरांचा नंबर मागितला. अध्यक्ष म्हणाले, "काम चांगलं करतात, पण त्यांना देऊ नका. पहिल्यांदा आम्हाला फसवलं होतं त्यांनी. माणसाचा हात मोडला आमच्या. विचारा बाईंना."

मी मान हलवली. तोंडाने काही बोलले नाही, पण मान हलवली.

ते गेल्यावर मी बाकावर बसून राहिले. पलीकडच्या बाकावर पोस्टमनकाका होते. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण मूठ अजून पूर्ण मिटत नव्हती. पेपर ते डाव्या हाताने धरायचे.

ते म्हणाले, "तो माणूस माझ्याकडे आला होता ना, तेव्हा तासभर बसला होता. मी त्याला विचारलं, उतार एवढा कमी कसा ठेवलास रे? तर म्हणाला, कागद तसा होता."

मी वर छताकडे पाहिलं.

"कोणाचा कागद ते त्याने सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. तुम्ही सभेत दाखवला होता की आम्हा सगळ्यांना."

"काका, तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल." त्यांनी पेपर गुडघ्यावर ठेवून एका हाताने घडी घातली आणि घरी गेले.

पाच महिने त्यांना माहीत होतं. पाच महिने मी गॅलरीत आले की त्यांनी हात वर केला होता, न बरा झालेला.

दुसऱ्याच दिवशी मी पेठची बस धरली. पेठहून पुढे जीप, मग थोडं चालणं. विचारत विचारत घर सापडलं. घरावर कौलं होती, पण बाजूच्या गोठ्याचं छप्पर पानांचं होतं, उभ्या उताराचं, कडा जवळजवळ कमरेपर्यंत आलेल्या. मी वाकून आत पाहिलं. चार महिने पाऊस खाल्लेलं छप्पर आतून कोरडं आणि पिवळं होतं. कुठे काळा डाग नाही.

बायको ओसरीवर नागली पाखडत होती. मला पाहून उठली. नवरा पानं आणायला डहाणूकडे गेला होता. तिने बसायला घोंगडी टाकली आणि न विचारता कोरा चहा ठेवला.

मी म्हणाले, "तुमची माफी मागायला आले आहे." 'तुमची' हा शब्द मी तिच्यासाठी पहिल्यांदा वापरत होते. "चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतं. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

ती सूप खाली ठेवून ऐकत होती. मी सगळं सांगितलं. शेजारच्या कॉलनीचं, बालवाडीचं, मान हलवल्याचं. बोलता बोलता मी रडले. तिने मला पाणी दिलं, पण रडू नका वगैरे म्हणाली नाही.

"त्या दिवशी तुम्ही बोलत होता, तेव्हा त्यांनी का थांबवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुमच्या कॉलनीत तुमच्यासमोर आमचं कोन ऐकनार हुतं?" ती म्हणाली. "वर आनखी भांडकुदळ म्हनले असते. मग हाटेलवाल्यांनी पन काम दिलं नसतं."

"मी त्यांना भेटायला पुन्हा येईन."

"नको. ते म्हनतील, बाईंना एवढ्या लांब कशाला यायला लावलंस." तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. म्हणाली, "इथं तुम्ही बोललात, ते बरं झालं. पन इथं आमाला माहीतच हाय, बाई. जिथं माहीत नाय तिथं बोला."

त्या रविवारी मी सभा बोलावली. उभी राहिले आणि सांगितलं की सांगाड्याचा उतार मी ठरवला होता, त्या माणसाने मला सगळ्यांदेखत बजावलं होतं, जुलैत छत कुजतंय हे मला दिसलं होतं आणि मी लपवलं. पानं चांगली होती, बांधणी पक्की होती. काकांचा हात माझ्यामुळे मोडला. शाकारणाऱ्या दोघांची दुसऱ्या वेळची मजुरी बुडाली ती माझ्या खोटेपणामुळे, आणि ती मी भरणार आहे.

मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल. कोणीतरी तोडेल मला. मी त्याची वाटच बघत होते.

एक बाई म्हणाल्या, "बाई, किती मनाला लावून घेताय तुम्ही!"

दुसरे गृहस्थ म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे म्हणून तुम्ही त्या लोकांचं स्वतःवर ओढून घेताय."

मी म्हणाले, "ओढून घेत नाहीये हो. हे खरं आहे. फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावा, विचारा."

"जाऊ द्या," अध्यक्ष म्हणाले. "झालं ते झालं. आता छत उत्तम आहे. ती माणसंसुद्धा विसरून गेली असतील." आणि त्यांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. मागच्या रांगेत काका बसले होते. फक्त ते टाकीच्या विषयात पडले नाहीत. माझ्याकडे बघत होते, आणि मला खाली बसायचं सुचलं नाही.

खोटं एका वाक्यात पटलं होतं त्यांना. खरं पटवायला मला पुढचे दोन महिने लागले, एकेकाच्या दारात जाऊन. काहींना ते शेवटपर्यंत माझ्या स्वभावाचा चांगुलपणाच वाटलं. कौतुक ऐकून इतकी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. मार खाल्ला असता तर सोपं गेलं असतं.

शेजारच्या कॉलनीतही मी गेले. उशीर झाला होता. त्यांनी प्लास्टिकची पानं मागवून स्वतःच बसवली होती, बालवाडीतसुद्धा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी नक्की तुमच्याच माणसांना बोलावू असं म्हणाले. पुढची वेळ येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

सेक्रेटरीपद मी सोडलं. त्या माणसाला फोन केला तेव्हा तो एका हॉटेलच्या कामावर होता, मागे कोणीतरी हातोडा मारत होतं. मी सभेत काय बोलले ते सांगितलं. मजुरी पाठवते म्हणाले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बरं बाई," तो म्हणाला. मग विचारलं, "त्या बाबांची मूठ मिटते का आता?"

मी म्हणाले, "पूर्ण नाही."

"तेल लावून चोळायला सांगा," तो म्हणाला, आणि त्याला वरून कोणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.